औषधांचे दुष्परिणाम आणि रुग्णाची साक्ष

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारी कुटुंबे अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. ‘डॉक्टर म्हणतात, एका चाचणीत नाव घाला. सही करावी की न करावी?’ आणि मग हलक्या आवाजात, ‘आमच्यावर प्रयोग तर करीत नाहीत ना?’

या भीतीची थट्टा करण्याचे कारण नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निर्धोक म्हणून विक्रीस आले. १९६१ च्या नोव्हेंबरात तेथे ते मागे घेतले गेले, परंतु तोवर जगभर हजारो बालके खुरटलेल्या हातापायांनी जन्मास आली होती. मात्र या घटनेचा अर्थ आपण बहुधा उलटा लावतो. हा अनर्थ परीक्षा झाली म्हणून ओढवला नाही; पुरेशी परीक्षा न होताच औषध घरोघर पोचले म्हणून ओढवला.

आज मला ज्या चाचण्यांविषयी बोलावयाचे आहे त्यांत औषधाचा गुण आधीच ठाऊक असतो. त्याचा जाच किती कमी करता येईल, एवढाच शोध असतो. उदाहरण आपल्या परळचेच आहे. कर्करोगावरील काही औषधांनी विलक्षण ओकाऱ्या होतात. त्या थांबविण्यासाठी इतर औषधांच्या जोडीला ओलान्झापीन देतात. मूळ हे मानसिक विकारांवरचे औषध. त्याची रूढ मात्रा १० मिलिग्रॅम. पण तिने रुग्ण दिवसाही गुंगीत राहतो. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारले की, पाव मात्रेने, म्हणजे अडीच मिलिग्रॅमने, भागेल काय?

२०२१ ते २०२३ या काळात २७५ रुग्णांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गटांत विभागले गेले. २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच दिवस ओकारी व मळमळ पुरती आटोक्यात राहिली असे रुग्ण कमी मात्रेच्या गटात शेकडा ४५, तर पुऱ्या मात्रेच्या गटात शेकडा ४४. गुंगी मात्र कमी मात्रेच्या गटात शेकडा ६५ जणांना आली, तर दुसऱ्या गटात ९० जणांना. आणि पहिल्याच दिवशी तीव्र गुंगी आलेले अनुक्रमे शेकडा ५ व ४०. चार पट औषध घेऊन पदरात अधिक पडत होती ती निव्वळ झोप!

अखेरच्या हिशेबात धरलेल्या २६७ रुग्णांपैकी २५२ स्त्रिया होत्या. त्यांनी आपली मळमळ, आपली गुंगी रोजच्या रोज सांगितली नसती तर हा हिशेब जमलाच नसता. आपल्या घरांतील चाल याच्या नेमकी उलट आहे. आजारी बाई ‘चालायचेच’ म्हणून गप्प राहते, डॉक्टरांपुढे बोलतात ते यजमान किंवा थोरले दीर, आणि संमतिपत्रावर कोणी सही करावी याचाही निर्णय ओटीवर होतो. हे थांबले पाहिजे. देह जिचा, संमती तिची. तिच्या वतीने दुसऱ्याने सही करणे हे, ती स्वतः ते करण्यास असमर्थ नसेल तर, नियमास धरून नाही.

नियम आता बरेच कडक आहेत. २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांन्वये चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद आहे. नीतिसमितीत किमान सात सभासद असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक व एक तरी स्त्री, आणि निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे. सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते, आणि त्यापायी तिचे नेहमीचे उपचार अडविता येत नाहीत.

तथापि, मी डोळे मिटून सही करा असे सांगण्यास उभा नाही. अगदी नव्या औषधाच्या आरंभीच्या चाचणीत रुग्णाचा स्वतःचा लाभ कदाचित काहीच नसतो, लाभ पुढच्यांचा. हे पत्करावयाचे तर जाणून पत्करावे. डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत, नाही कसे म्हणावे, या भिडेपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. कागद मराठीत मागा, घरी न्या, चाचणीचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक विचारा. ज्या डॉक्टरला असे प्रश्न खपत नाहीत त्याच्या चाचणीत न गेलेलेच बरे.

ज्यांना चाचणीत जावयाचे नाही त्यांनाही साक्ष देता येते. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना चालू आहे, आणि रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. औषधाचे नाव, घेतल्याची तारीख व झालेला त्रास एवढे लिहून ठेवा. वेष्टन फेकू नका.

संमतिपत्रे समजावून देण्यासाठी आपल्या ज्ञातीतील दोन डॉक्टरांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात बसण्याचे मान्य केले आहे. येताना रुग्णालाच बरोबर आणावे.