हवा धरणं वेगळं, चाक धरणं वेगळं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्याच्या माणसाला स्कूटरबद्दल सांगायला लागत नाही. 1975 साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून इथे महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी केली आणि ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्यात तयार होऊ लागली. ते उत्पादन केव्हाच थांबलं. पण माझ्यासारख्या कितीतरी पोरांच्या हातात पाना आला तो त्याच काळात. पुढं तीस वर्षं मी गॅरेज चालवलं. आता हात थरथरतो म्हणून बंद केलंय. तरी चाकाची गोष्ट निघाली की गप्प बसवत नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा तासगावहून आला. त्यांची द्राक्षबाग आहे. बागेतून क्रेट बांधापर्यंत आणायला त्यानं भंगारातली एक जुनी रिक्षा घेतली, टप आणि सीट काढून टाकली आणि मागं लोखंडी पाट बसवला. रस्त्यावर न्यायची नाही, फक्त शेतात फिरवायची. गाडी झकास झाली. अडचण एकच, चाकं.

“मामा, काळ्या रानात चाक रुततंय म्हणून हवा कमी ठेवतो. हवा कमी केली की ट्यूब फिरती आणि वॉल्व्ह फाटतो. वर बाभळीचे काटे, तारंचे तुकडे. दर आठवड्याला पंक्चर. ट्यूबलेस करायचं म्हणून रिमच्या सांध्यात पेस्ट भरली, तर हवा टिकंना.”

त्याचं निदान बरोबर होतं. हवा कमी असली की टायर रिमवर घसरतो, ट्यूबला सोबत ओढतो, आणि वॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग तो मुळापासून फाटतो.

आता ही रिम कशी असते ते सांगतो. मोटारीची रिम अखंड असते. स्कूटरची आणि जुन्या रिक्षाची रिम म्हणजे पत्र्याच्या दोन ताटल्या पाठीला पाठ लावून नट-बोल्टनं आवळलेल्या. यात सोय मोठी आहे. टायर रिमवरून ओढून काढायला नको. नट सोडले की दोन्ही ताटल्या वेगळ्या, ट्यूब हातात. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचं काम पाच मिनिटांचं. पण दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथं केसाएवढी फट राहतेच. त्या फटीतून हवा जाते, म्हणून आत ट्यूब. म्हणजे या चाकात हवा धरायचं काम ट्यूबचं आणि चाक एकत्र धरायचं काम नटांचं. ही दोन कामं वेगळी आहेत, हे ज्याला कळलं त्याला हे चाक कळलं.

परदेशात यावर उपाय फार पूर्वी निघाला. 1970 साली होंडानं अमेरिकेत फुग्यासारख्या मऊ टायरांची तीनचाकी गाडी विकायला काढली. वाळूत, चिखलात चालणारी. अशा गाड्यांच्या काही मॉडेलांत रिम दोन अर्ध्यांची असे आणि सांध्यात रबरी कडं बसवलेलं असे. तेच हवा धरी. पुढं उलटून होणाऱ्या अपघातांमुळं 1988 साली तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यानं तीनचाकींची ती विक्री बंद झाली. पण दोष रिमच्या सांध्याचा नव्हता.

भाच्यानं हे कुठंतरी ऐकलं होतं. “मग आपण बी रबराचं कडं घालू की,” म्हणाला. मी म्हटलं, “थांब.” तिथं कड्यासाठी जागा ठेवलेली असते. आपल्या रिमचा सांधा सपाट. सपाट सांध्यात जाड कडं घातलं की पत्र्याला पत्रा टेकत नाही, नट रबरावर आवळले जातात. गाडी चालली की रबर दबतं आणि नट सैल पडतात. हवा धरायला गेलो आणि चाक सोडून बसलो, असं होतं.

मग आम्ही दोघांनी रीतसर काम केलं. टायर काढला, ताटल्या वेगळ्या केल्या. त्यानं पेस्ट भरली होती ती गंजावरच. गंज पोपडा धरून सुटला की पेस्ट काय करणार? तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, सांधा चकचकीत होईपर्यंत घासला. खिडकीच्या काचेवर ताटली पालथी ठेवून पाहिली. एक ताटली डगमगत होती. ती बाजूला काढली. वाकलेला सांधा कुठलीच पेस्ट भरून काढत नाही. मग सिलिकॉनच्या पेस्टची बारीक, अखंड वळी काढली, बोल्टच्या भोकांच्या बाहेरून. आतून काढली तर हवा भोकांतून जाणार. वळी बारीकच हवी, म्हणजे आवळताना ती पसरून बाहेर पडते आणि पत्रा पत्र्याला टेकतो. टायर मध्ये धरून दोन्ही ताटल्या जोडल्या आणि नट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले. वॉल्व्हचं भोक वाटोळं आणि मापाचं होतं म्हणून ट्यूबलेसचा वॉल्व्ह बसला. एक रात्र तसंच ठेवलं. सकाळी हवा भरली आणि चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. एक बुडबुडा नाही.

भाचा खूश. म्हणाला, “मामा, आता स्कूटरला पण असंच करू.” तेव्हा मात्र मी त्याला खाली बसवलं.

ट्यूबलेसच्या खऱ्या रिमला आतून टायरच्या कडेपाशी एक उंचवटा असतो. हवा उतरली तरी टायरची कड त्यावरून सहज घसरत नाही. आपल्या जुन्या रिमला तो नाही. बागेत माणसाच्या चालीनं जाताना टायर निसटला तर गाडी थांबते. हमरस्त्यावर निसटला तर माणूस जातो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला ट्यूबच.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज इथं बोलतोय. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्याबरोबर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. चाकावर नटांची दोन वर्तुळं असतात. एका वर्तुळातले नट चाक गाडीला धरतात, दुसऱ्यातले दोन ताटल्या एकमेकींना. त्यानं चाक काढायला म्हणून दुसरे सोडले. हवा पूर्ण होती. शेवटच्या नटाला ताटली उडाली. त्याचा जबडा आणि दोन बोटं गेली. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हिशोब करून पाहा. रिक्षाच्या टायरच्या एका बाजूचं क्षेत्रफळ साधारण दीडशे चौरस इंच. हवा समजा 30 पौंड. गुणाकार साडेचार हजार पौंड, म्हणजे दोन टनांच्या आसपास. त्यातला बराच ताण टायर स्वतः पेलतो. तरी उरलेला त्या मूठभर नटांवर असतो. ट्रकच्या आणि उसाच्या ट्रॉलीच्या जुन्या चाकांना लोखंडी रिंग असते, तिथं हवा कितीतरी जास्त. ती रिंग नीट बसली नाही तर हवा भरतानाच गोळीसारखी सुटते. म्हणून ते चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते. आपल्या किती दुकानांत पिंजरा आहे?

तेव्हा चाकाला हात लावण्याआधी वॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, टायर हातानं दाबून पाहा आणि मगच नटाला पाना लावा. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग कधीही करू नका, हवा काढलेली असली तरी. उष्णतेनं आतला वायू पेटून टायर फुटतो. ट्यूब बसवताना ती आधी थोडी फुगवा, शंखजिरं लावा, म्हणजे सांध्यात चिमटणार नाही.

भाच्याची गाडी या हंगामात बागेत फिरली. त्यानं पाटावर रंगानं लिहिलंय, ‘आधी हवा सोडा’. क्रेट उचलायला येणारी पोरं हसतात. हसू देत. वाचतात ना, तेवढं पुरे.