पुस्तकांचे बिऱ्हाड
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बिऱ्हाड हलविणे हा आम्हां परप्रांती राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा जणू सतरावा संस्कार होय. रेल्वे, लष्कर, बँका, पोलादाचे कारखाने यांच्या चाकरीने आम्हांस देशभर फिरविले आणि प्रत्येक बदलीच्या हुकुमाबरोबर घरात एक प्रश्न हटकून उभा राहिला : या पुस्तकांचे काय करावयाचे? पलंग नव्या गावी मिळतो, भांडीही मिळतात. नवी मराठी पुस्तकेही आता टपालाने घरपोच येतात. परंतु ज्या पुस्तकाची आवृत्ती संपली, ते एकदा हातचे गेले की गेलेच.

पुस्तके बांधण्याचे एक शास्त्र आमच्या घरांनी अनुभवाने बसविले आहे. मोठ्या खोक्यात उशा भरावयाच्या आणि लहान खोक्यात पुस्तके. कारण पुस्तकांनी भरलेले मोठे खोके हमालास उचलवत नाही आणि उचलले तर त्याचा तळ जिन्यातच सुटतो. तळाशी कडुलिंबाचा वाळला पाला, कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी, वर जुनी चादर. कसरीपासून आणि वाळवीपासून पुस्तके वाचविण्याचे हे उपाय आम्हांस आजीकडून मिळाले. त्यांत सुधारणा झाली ती चिकटपट्टीपुरती.

परंतु खोकी बांधण्याआधी निवड करावी लागते, आणि खरी कसोटी तेथेच लागते. वाचणाऱ्या घरातील पुस्तकांचे बहुधा तीन ढीग पडतात. पहिला ढीग ज्यांच्या जागी दुसरी प्रत चालत नाही अशांचा. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने परमुलखात नव्याने संसार मांडणाऱ्या कित्येक मुलींना स्वयंपाक शिकविला. तिच्या समासात सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलेले 'गूळ थोडा कमी' हे शब्द नव्या आवृत्तीत कोठून येणार? ज्या ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातील मुलांच्या जन्मवेळा नोंदल्या आहेत, तीही याच ढिगातली. हा ढीग बरोबर न्यावा, यावर घरात दुमत होत नाही.

दुसरा ढीग कोशांचा. महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड ज्याने एकदा ट्रकमध्ये चढविले, त्यास ज्ञानाचे वजन निराळे समजावून सांगावे लागत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तो कोश आज संगणकावर वाचता येतो. त्यामुळे येथे मनावरचे ओझे काहीसे हलके झाले आहे.

अडचण आहे ती तिसऱ्या ढिगाची. कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णने, नाटके, आणि माळ्यावर रचलेले दिवाळी अंक! का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिने मराठी माणसाच्या आनंदात आणि सामानात सारखीच भर घातली आहे. निवृत्तीनंतर पुण्याला, ठाण्याला किंवा नागपूरला दोन खोल्यांत परतणारे कुटुंब हा ढीग पाहून हताश होते. मग रद्दीवाला येतो. आपल्याकडचा रद्दीवाला निदान चांगले पुस्तक बाजूस काढतो. येथे मराठी न वाचणारा सारे एकाच काट्यावर तोलतो.

आमचे म्हणणे एवढेच की, या ढिगाने परत जाऊ नये आणि रद्दीतही जाऊ नये. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तेथे आपली कादंबरी अनेक प्रतींतली एक ठरेल. येथे मात्र ती साऱ्या शहरातली एकुलती एक प्रत असू शकेल. तिची गरज जेथे अधिक, तेथेच तिने राहावे.

ग्रंथ परमुलखातच लोकांच्या स्वाधीन राहिल्याचे एक थोर उदाहरण आपल्यापुढे आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) दूरदूरहून ग्रंथ जमविले. १८५५ साली राजा निपुत्रिक वारला आणि राजवंशाची सत्ता संपली. परंतु सरस्वती महाल टिकला आणि १९१८ साली सर्वांस खुला झाला. तेथे मराठी पोथ्या आहेत, मोडी कागदपत्रे आहेत. मोडी वाचणारे मात्र फार थोडे उरले. ग्रंथ राखणे आणि वाचक राखणे ही दोन निराळी कामे आहेत, हे तंजावरने आपणांस दाखवून दिले.

आणि आपले दुसरे काम अपुरे आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात. हिंदीमुळे देवनागरीही त्यांच्या ओळखीची असते. तरी वाचताना 'ळ' आला की अडखळतात. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'यातायात' म्हणजे वाहतूक असे हिंदी अर्थ लावून पुढे जातात, आणि चार पानांत गोष्टीचा धागा सुटतो. ही उणीव शेजारी बसून मोठ्याने वाचणाऱ्या माणसाने भरून निघते. कुलूपबंद कपाटाने ती भरून निघत नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची जी पाच सूत्रे मांडली, त्यांचा सारा रोख पुस्तक व वाचक यांची गाठ घालून देण्यावरच आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टी आपण ठरवू या. गाव सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिसरा ढीग मंडळाच्या स्वाधीन करावा. देताना प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, ते आपणांस का आवडले, हे दोन ओळींत लिहावे. अनोळखी वाचकाला तेवढी ओळख पुरते. आणि मंडळाने मासिक सभेपूर्वी एक तास कपाट उघडे ठेवून मुलांना वाचून दाखविणारा एक माणूस तेथे बसवावा.

आमच्यापैकी अनेकांचे बिऱ्हाड आज ना उद्या येथून हलेल. पुस्तकांचे बिऱ्हाड मात्र येथे स्थिर व्हावे, एवढीच इच्छा.