इम्पॅक्ट गन घेण्याआधी तुमचा नट बघा

मी सैन्यात ईएमईमध्ये होतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. रणगाड्यापासून मोटरसायकलपर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करणारी ही कोर. निवृत्त होऊन सिकंदराबादला राहतो. निवृत्तीनंतर जवानांचे फोन येतात ते दोन विषयांवर, पेन्शनचे कागद आणि हत्यारं. कागदांचं मला फारसं कळत नाही, म्हणून आज हत्यारांबद्दल बोलू. हत्यारं म्हणजे गॅरेजातली. दुसऱ्या प्रकारची सरकारजमा झाली.

परवा वडोदऱ्याहून एका निवृत्त हवालदारांचा फोन आला. घराखालच्या गाळ्यात त्यांनी गॅरेज टाकलंय. स्कूटर, मोटरसायकल, थोड्या छोट्या कार. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन घ्यायची होती. म्हणाले, "सर, हजार न्यूटन मीटरवाली घेऊ की बाराशेवाली?" मी विचारलं, "तुमच्याकडे येणारा सगळ्यात घट्ट नट कुठला?" जरा थांबून म्हणाले, "कारच्या चाकाचा."

मग हिशेब सोपा आहे. छोट्या कारच्या चाकाचा नट साधारण ८० ते १२० न्यूटन मीटरने कसायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आता न्यूटन मीटर म्हणजे किती, तर ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की होतात सुमारे ३४०. आमच्या तरुणपणी शक्तिमान ट्रकचे नट असेच उघडायचे, पान्यावर पाइप आणि पाइपवर जवान. कारचा नट गंजलेला असो, की आधीच्या मिस्त्रीने पाय देऊन कसलेला असो, ३०० ते ४०० न्यूटन मीटरची खरी ताकद असलेल्या गनपुढे तो सहसा टिकत नाही. बाराशेची गन ट्रकवाल्याची. हवालदारसाहेबांनी ती घेतली असती तर तीन किलोचा लोखंडी गोळा दिवसभर उचलला असता, आणि स्कूटरच्या इंजिनाजवळ तो शिरलाही नसता.

"खरी ताकद" म्हणालो, कारण डब्यावरचा आकडा नीट वाचावा लागतो. बऱ्याच गनवर दोन आकडे असतात, एक कसण्याचा आणि एक उघडण्याचा. उघडण्याचा मोठा असतो, म्हणून ठळक अक्षरात तोच छापतात. शिवाय एकक बघा. कुठे न्यूटन मीटर असतं, कुठे फूट पाउंड. एक फूट पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन मीटर. दोन गन शेजारी ठेवून तुलना करताना हे विसरलात तर हलकी गन भारी वाटेल.

व्होल्टचं तर विचारूच नका. १८, २० आणि २१ व्होल्ट अशा तीन गन दुकानात दिसतात. तिन्हींच्या बॅटरीत बहुधा त्याच पाच सेल एकामागे एक जोडलेल्या असतात. सरासरी ३.६ धरले की १८, चार धरले की २०, आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४.२ धरले की २१. काही स्वस्त डब्यांवर ४८ किंवा ८८ असा आकडा आणि पुढे इंग्रजी अक्षरं असतात. तो व्होल्टचा आकडाच नव्हे, सजावट समजा. बारा व्होल्टवाल्या गनमध्ये तीन सेल असतात. त्या हातात मावतात, दुचाकीच्या कामाला छान, पण कारच्या चाकाला काही वेळा कमी पडतात.

आता ही गन आत काय करते ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. मोटर एक हातोडा फिरवते. नट अडला की हातोडा स्प्रिंगवर मागे सरतो आणि पुढच्या ऐरणीवर आदळतो, मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. त्यामुळे झटका नटाला बसतो, मनगटाला फारसा बसत नाही. स्कूटरच्या क्लचचा किंवा पुलीचा नट लांब पान्याने उघडायला गेलात तर पुलीच फिरते, तिला धरायला दुसरा माणूस लागतो. गनने तो एकट्याने निघतो. दोन माणसांच्या गॅरेजात ही केवढी सोय आहे, ते रोज करणाऱ्याला विचारा.

पण ठोके मोजून पडत नाहीत. एक सेकंद दाबली तर वेगळा ताण, तीन सेकंद दाबली तर वेगळा. आट्याला तेल लागलेलं असेल तर आणखी वेगळा. म्हणून माझं मत पक्कं आहे: गन उघडायला आणि नट भराभर बसवायला. शेवटचा कस टॉर्क रेंचने, हाताने. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, आठच्या बोल्टला पंचवीसेक. गनने ते कसायला गेलात तर बोल्ट तुटून आत राहील, किंवा अॅल्युमिनियमच्या इंजिनातले आटे निघून येतील. शंभर रुपयांच्या कामाला तीन हजारांचा खर्च, आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही ते वेगळंच.

चाकाच्या बाबतीत तर प्रश्न पैशांचाही राहत नाही. समजा एखाद्याने नट गनने अडीचशे न्यूटन मीटरपर्यंत कसला. स्टड ताणला गेला, तो पुढे कधी तुटेल सांगता येत नाही. तुटला नाही तरी रात्री हायवेवर पंक्चर झालं, गाडीत आई आणि मुलगी दोघीच, आणि डिकीत एक फुटाचा पाना. तो नट हलवायला पान्याच्या टोकावर जवळजवळ ८५ किलो वजन पडायला हवं. त्या कुठून आणणार? टायरवाल्याच्या हवेच्या गनचा आवाज ऐकून आपल्याला वाटतं काम पक्कं झालं. मी मात्र तिथे उभा राहून टॉर्क रेंच मागतो. बायको म्हणते, सगळीकडे इन्स्पेक्शन कशाला? पण मागतोच.

म्हणून हवालदारसाहेबांना सांगितलं, गन मध्यम घ्या आणि वाचलेल्या पैशांतून टॉर्क रेंच आणि काळ्या गोट्या घ्या. या काळ्या इम्पॅक्ट गोट्या क्रोम मॉलिब्डेनमच्या असतात, झटका सोसतात. आपल्या नेहमीच्या चकचकीत गोट्या हातपान्यासाठी असतात. गनवर लावल्या तर तडकतात, आणि तुकडा उडाला तर डोळ्याकडे येऊ शकतो. गोटी सहा कोनी घ्या, बारा कोनी घासलेल्या नटाचे कोपरे खाते. ड्राइव्ह अर्ध्या इंचाचा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत चार सुती. निव्वळ दुचाकीचं काम असेल तर तीन सुती पुरे. आणि लांब एक्स्टेन्शन लावाल तितकी ताकद वाटेत मुरते. म्हणून गनच्या डोक्याची लांबी महत्त्वाची. दुकानात जाताना आपली गोटी बरोबर न्या, गनला लावा आणि टोकापासून मागपर्यंत टेपने मोजा. तुमच्या अडचणीच्या जागेत तेवढी बसते का, ते गॅरेजातून आधीच मोजून आलेलं बरं.

बॅटरी हा पुढच्या दहा वर्षांचा खर्च आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या गनला सहसा लागत नाही. तुमच्याकडे आधीच एखाद्या कंपनीचं ड्रिल असेल तर त्याच घराची गन, नुसती बॉडी, घ्या. आणि दोन अँपिअर-तासांची छोटी बॅटरी लावून गनला कमकुवत ठरवू नका. चार-पाचच्या मोठ्या बॅटरीत सेलच्या दोन रांगा समांतर असतात, त्यामुळे ती जोराचा करंट देऊ शकते. तीच गन, पण ताकद वेगळी जाणवते.

लडाख, हिमाचलकडच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, आतून कायमची खराब होते. रात्री खोलीत घ्या, ऊब येऊ द्या, मग चार्जरवर लावा. विमानाने नेत असाल तर सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत, सामानात नाही. १८ व्होल्ट, पाच अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास, शंभरच्या आत बसते. गन स्वतः मात्र चेक-इन सामानात द्या, सुरक्षा तपासणीवाले ती केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

आणि कानात बोळे घाला. बंद गाळ्यात या गनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आम्हा फौजींचे कान तोफांनी घालवले, तुम्हाला ती गरज नाही. आता प्रश्न विचारा, पण जरा मोठ्याने.