चाकोरींतील शर्यत

पनवेल गांवाचें चाकांशीं नातें फार जुनें आहे. १८३० सालीं बोरघाटांतील गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल घाट उतरून पनवेलच्या बंदराकडे येऊं लागला. गाड्या आल्या, तशी चाकांची गरजहि आली. एकोणिसाव्या शतकांत बैलगाडीचीं चाकें करणें हा पनवेलचा नांवाजलेला धंदा होता. तुंबा, आरे आणि पाटे जुळवून त्यांवर लोखंडाची तापविलेली धाव चढवीत. ती निवतांना आकसे आणि लाकूड घट्ट आवळून धरी. अशा चाकांची मातीच्या रस्त्यावर जी खोल रेघ पडे, तिला मराठींत चाकोरी म्हणतात. पुढें हा शब्द माणसाच्या वागण्याला लागला आणि त्याची थोडी बदनामीच झाली. चाकोरींतलें जीवन म्हणजे कंटाळवाणें जीवन, अशी समजूत रूढ झाली.

ही समजूत तपासून पाहण्याची संधि एका छंदांत मिळते. तो छंद म्हणजे लाकडी फळीवर खांच कोरून तींतून विजेच्या छोट्या मोटारी पळविणें. इंग्रजींत ह्या मोटारींना स्लॉट कार असें नांव आहे. स्लॉट म्हणजे खांच. पनवेलजवळच्या कळंबोलीपासून मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचा आरंभ होतो. २००२ सालीं तो पूर्ण झाला. तेथील मुलांना भरधाव मोटारी पाहण्याची संवय आहे. त्या वेगाचें मर्म घरच्या घरीं, सुटीच्या दिवसांत, हातांत हत्यार घेऊन समजून घेतां येतें, हें ह्या छंदाचें वैशिष्ट्य होय.

कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील लायोनेल ह्या खेळणीं करणाऱ्या कंपनीनें १९१२ सालीं विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारी विकावयास काढल्या होत्या. परंतु थोड्याच वर्षांत त्या बंद पडल्या. खरी लोकप्रियता लाभली ती पुढें इंग्लंडमध्यें. फ्रेड फ्रान्सिस ह्या यंत्रज्ञाच्या कंपनीनें १९५२ च्या सुमारास स्केलेक्स नांवाच्या, आंतील स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी काढल्या. स्प्रिंग सुटली कीं मोटार सुटली. मग मुलानें नुसतें पाहत उभें राहावयाचें, ही त्यांतील उणीव होती. फ्रान्सिस यांनीं मोटारींत विजेवर फिरणारें यंत्र बसविलें, मार्गाला खांच दिली आणि १९५७ च्या जानेवारींत हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत तो खेळ मांडला. स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक हे दोन शब्द जोडून त्याचें नांव स्केलेक्स्ट्रिक असें ठेवण्यांत आलें.

ह्या खेळाची रचना साधी, पण मोठी चतुर आहे. मोटारीच्या नाकाखालीं एक पातळ जीभ असते. ती खांचेंत उतरते आणि मोटारीला वळणावळणानें नेते. खांचेच्या दोन्ही अंगांस तांब्याच्या पट्ट्या असतात. जिभेजवळ विणलेल्या तारेच्या दोन लहान कुंच्या असून त्या ह्या पट्ट्यांना घासत जातात. त्यांतून वीज आंतील यंत्राला पोहोंचते आणि दांतेरी चक्रांच्या द्वारें मागचीं चाकें फिरतात. खेळणाऱ्याच्या हातांत एक कळ असते. ती जितकी अधिक दाबावी, तितका विजेच्या वाटेंतील अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. कळ सोडतांच वीज थांबते. इतकेंच नव्हे, तर चांगल्या कळींत त्याच क्षणीं दोन्ही पट्ट्या एकमेकींस जोडल्या जातात. तेव्हां फिरतें यंत्र स्वतःच वीज उत्पन्न करूं लागतें आणि ती वीजच त्याची गति रोखून धरते. खऱ्या मोटारीच्या ब्रेकचें काम येथें एका तारेनें साधतें.

म्हणजे ह्या मोटारीला सुकाणू नाहीं. वाट ठरलेली आहे. खेळणाऱ्याच्या स्वाधीन असतो तो केवळ वेग. सरळ वाटेवर कळ दाबून धरणें कोणालाहि जमतें. वळण येण्यापूर्वीं नेमका केव्हां हात सैल करावा, येथेंच खेळणाऱ्याची परीक्षा होते. क्षणभर उशीर झाला कीं जीभ खांचेंतून निसटते आणि मोटार उलटी होऊन जमिनीवर पडते.

बाजारांत ह्या मार्गाचे प्लॅस्टिकचे तयार तुकडेहि मिळतात. मग लाकडाचा खटाटोप कशाला, अशी शंका येणें साहजिक आहे. तयार मार्गांतील पट्ट्या बहुधा पोलादाच्या असतात आणि पुष्कळशा मोटारींच्या पोटाशीं लोहचुंबक बसविलेला असतो. तो पट्टीकडे ओढला जातो व भरधाव मोटारीलाहि वळणावर सांभाळून घेतो. तांब्याला चुंबक धरीत नाहीं. त्यामुळें लाकडी मार्गावर मोटारीची पाठ वळणावर किंचित घसरते, खऱ्या मोटारीसारखी डोलते, आणि तिला सांवरण्याचें काम चुंबकाकडून माणसाच्या बोटाकडे येतें. शिवाय तयार तुकड्यांत वळण कारखान्यानें ठरविलेलें असतें. फळीवर तें घरच्या माणसांनीं ठरवावयाचें असतें. बोरघाटांतील एखादें आवडतें वळण कोणाला आपल्या फळीवर आणावेंसें वाटलें, तर त्याला कोण अडविणार?

आरंभाला आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी प्लायवूडची किंवा एम. डी. एफ. ची एक फळी पुरे. ह्या खेळांत मोटारीचें सर्वांत रूढ प्रमाण एकास बत्तीस असें आहे. म्हणजे चार मीटर लांबीची मोटार येथें साडेबारा सेंटिमीटरची होते. खांच सुमारें ३ मिलिमीटर रुंद आणि ८ ते ९ मिलिमीटर खोल असावी. फळी १२ मिलिमीटर जाडीची घेतली, तर खांचेखालीं अगदीं थोडें लाकूड उरतें. म्हणून १८ मिलिमीटरची फळी अधिक भरंवशाची. दोन खांचांमध्यें ९ सेंटिमीटर अंतर ठेवावें, आणि वळणाच्या बाहेरील अंगास मोटारीची पाठ घसरण्यापुरती जागा सोडावी.

आराखडा काढतांना एक गोष्ट ध्यानांत येते. दोन खांचा शेजारीं शेजारीं धावत असल्या, तरी त्यांची लांबी सारखी नसते. मार्ग कितीहि नागमोडी असो. स्वतःला न छेदतां एक पूर्ण फेरा झाला कीं बाहेरची वाट आंतल्या वाटेहून सुमारें साडेछपन्न सेंटिमीटरनीं लांब भरते. खांचांतील ९ सेंटिमीटर अंतराला वर्तुळाच्या परिघाचा नियम लावला कीं हा आंकडा मिळतो. दोघां भावंडांत हा अन्याय पहिल्याच दिवशीं उघडकीस येतो आणि भांडण जुंपतें. त्यावर उपाय दोन. मार्गाला इंग्रजी आठाच्या आंकड्याचा आकार देऊन एका ठिकाणीं लहानसा पूल करावा, म्हणजे एका बाजूचें उणें दुसऱ्या बाजूस भरून निघतें. किंवा प्रत्येक डावानंतर वाटांची अदलाबदल करावी. भूमितीचा जो सिद्धांत वहींत निर्जीव वाटतो, तो येथें न्यायाचा प्रश्न होऊन पुढें उभा राहतो.

आराखडा फळीवर पूर्ण मापानें उतरल्यावर रेघेच्या बाजूनें एक लवचिक पट्टी स्क्रूनीं बसवितात. सुतारांचें राउटर यंत्र त्या पट्टीला टेकवून चालविलें म्हणजे वळण गुळगुळीत उतरतें. सगळी खोली एका दमांत काढूं नये. दोन-तीन मिलिमीटरप्रमाणें थर घ्यावे. आधीं टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा. हें काम मोठ्या माणसाचें आहे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर फडकें हवेंच, कारण एम. डी. एफ. ची धूळ फार बारीक असते. पेन्सिलीची चुकलेली रेघ पुसतां येते. चुकलेली खांच लांबी भरून बुजवितां येते खरी. पण डोळ्याला न दिसणारा तो सांधा मोटारीच्या जिभेला प्रत्येक फेरींत सांपडतो. म्हणून मोजणें दोनदां, कापणें एकदां, हा सुतारकामांतील नियम येथें शब्दशः पाळावा लागतो.

रंग वाळल्यावर तांब्याची चिकट पट्टी खांचेच्या दोन्ही कांठांस बसवावयाची आणि सांधे झाळावयाचे. मार्ग लांब असला, तर दूरच्या वळणावर मोटार मंदावते. पट्टीच्या अडथळ्यानें विजेचा दाब तेथपर्यंत उतरलेला असतो. त्यासाठीं फळीच्या खालून जाड तारा नेऊन दोन-तीन ठिकाणीं वीज पुरवावी लागते. वीज १२ व्होल्टची, आणि ती बाजारांतील भरंवशाच्या पुरवठा-पेटीमधूनच घ्यावी. घरांतील मुख्य विजेशीं खेळ करूं नये.

कोंकणांत आणखी एका पाहुण्याची आठवण ठेवणें भाग आहे. तो म्हणजे पाऊस. पनवेलच्या दमट पावसाळ्यांत लाकूड फुगतें, खांच अरुंद होते आणि तांब्यावर काळिमा चढतो. वरची बाजू रंगवून खालची कोरी ठेवली, तर फळी वांकडी होते. म्हणून दोन्ही बाजू, कडा आणि खांचेची आंतली भिंत ह्यांवर रंगाचा हात फिरवावा. पट्ट्या वरचेवर कोरड्या फडक्यानें पुसाव्या.

एवढ्या कष्टांचें फळ काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. पुण्यांत कोथरूड येथें १९९८ सालीं भाऊसाहेब जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय लोकांसाठीं खुलें झालें. एका माणसाचा छंद असंख्य मुलांच्या आनंदाचा विषय कसा होतो, हें तेथें पाहावयास मिळतें. घरांतील फळीला तेवढा विस्तार नको. तिच्याभोवतीं चार माणसें जमलीं, एकानें आंखलें, दुसऱ्यानें कापलें, तिसऱ्यानें झाळलें, आणि सर्वांत धाकट्यानें पहिल्याच वळणावर मोटार खालीं पाडली, तरी ती फळी सार्थकीं लागली.

तेव्हां चाकोरीला नांवें ठेवण्यापूर्वीं ती कोणी कोरली, हें पाहावें. दुसऱ्यानें कोरलेल्या चाकोरींतून नुसतें ओढलें जाणें वेगळें. स्वतः मोजून, विचारून, दोघांना सारखी वाट मिळेल अशी चाकोरी कोरणें वेगळें. आणि ती कोरून झाल्यावरहि वेगाचा लगाम हातींच राहतो. वळण जवळ आलें असतां बोट वेळेवर सैल करणें, हें कोणतीहि खांच माणसाच्या वतीनें करीत नाहीं.