लिपी एक, चव निराळी

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या बाजूस एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू सुखाने नांदतात. तेथे कन्नड घरातील गृहिणीने कालवण ‘खार’ झाले आहे असे सांगितले, तर ते तिखट आहे असे समजावयाचे. मराठी पाहुण्यास मात्र ‘खारे’ म्हटले की मीठ आठवते. शब्द जवळजवळ तोच, पण जिभेचा अनुभव निराळा. शेजारची जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरीच; पण हिंदीत नुसते ‘रोटी’ लिहिले, तर उत्तरेकडील माणसाच्या डोळ्यांपुढे गव्हाची पोळी उभी राहते.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, उरलेल्यापैकी बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलली तरी स्वयंपाकघरातील शब्द इकडून तिकडे जात राहिले. त्यामुळे खाण्यापिण्याच्या भाषांतरात काय धोका असतो, हे येथील माणसास शिकवावे लागत नाही.

अशा गावच्या एखाद्या व्यापाऱ्याने नेपाळी खाद्यपदार्थ विकावयाचे ठरविले, तर हाच धोका अधिक गंभीर होतो. नेपाळी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. अक्षरे वाचता आली म्हणजे मजकूर कळला, असा समज सहज होतो. नेपाळी बोलण्यात ‘बदाम’ म्हणजे बहुधा भुईमूग. तो शब्द हिंदीत तसाच ठेवला, तर ज्याला शेंगदाणा सोसत नाही त्याच्या जिवावर बेतू शकते. ‘मासको दाल’ ही उडदाची डाळ. संस्कृतातील ‘माष’ त्यात दडलेला आहे. ‘मासु’ म्हणजे मात्र मांस. शाकाहारी घरात या एका उकाराने केवढा अनर्थ होईल! ‘भटमास’ तर सोयाबीन. मापांचेही तसेच. नेपाळातील पाउ सुमारे 200 ग्रॅमचा, आपल्याकडील पावकिलो 250 ग्रॅमचा.

भारतातील नियमांप्रमाणे वेष्टनावरील आवश्यक तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावे लागतात. शेंगदाणा, सोयाबीन, दूध यांसारख्या बाधक ठरू शकणाऱ्या घटकांचा स्पष्ट उल्लेखही आवश्यक आहे. लिपी देवनागरी असली म्हणून नेपाळी मजकूर पुरत नाही.

मग अनुवादक शोधावा कोठे? 1992 साली नेपाळी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात व सिक्कीममध्ये नेपाळी घरात आणि हिंदी व्यवहारात वापरणारी माणसे आहेत. उत्तर बंगाल व सिक्कीम येथील विद्यापीठांत नेपाळीचे विभाग आहेत. तेथे पत्र धाडले, तर फावल्या वेळात असे काम करणारा कोणी मिळण्याचा संभव असतो. हिंदी मजकूर तपासण्यास मात्र दूर जावयास नको. कलबुर्गी जिल्ह्यातच, आळंद तालुक्यातील कडगंची येथे 2009 साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे.

निवड करताना पदवीपेक्षा एक लहानशी परीक्षा उपयोगी पडते. उमेदवारास ‘गुन्द्रुक’ हा शब्द द्यावा. ‘पालेभाजी’ एवढेच लिहून जो मोकळा होतो, त्याचे काम अपुरे. मूळ नाव कायम ठेवून ‘आंबवून वाळविलेला पाला’ असा खुलासा जो करतो, तो कामाचा. आणि ‘येथे बदाम म्हणजे नक्की कोणता?’ असे जो उलट विचारतो, त्यास सोडू नये. त्यास मूळ पाककृती व पदार्थाचे छायाचित्र द्यावे. मोबदला शब्दांच्या मोजणीने ठरवू नये. वेष्टनावर शब्द थोडे असतात, पण प्रत्येकाच्या चौकशीस वेळ लागतो. शेवटी, नेपाळी न जाणणाऱ्या एखाद्या हिंदी वाचकाकडून तो मजकूर वाचून घ्यावा आणि पुड्यात काय आहे ते त्यालाच सांगावयास लावावे. त्याचे उत्तर चुकले, तर मजकूर पुन्हा लिहावा.

भालकीची सून सासरी आली की पहिल्याच आठवड्यात विचारून घेते, खार म्हणजे तिखट की खारट? अनुवादकाचे सारे कसब त्या प्रश्नात आहे.