हांक आणि घर

ईश्वराची हांक येते एकास. तिचें मोल मात्र घरांतील दुसऱ्यासही द्यावें लागतें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलास घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या. ही ताटातूट कांहीं वर्षें चालली. त्या काळांतील दुःख ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं झांकून ठेवलेलें नाहीं.

पति-पत्नींपैकीं एकच ख्रिस्ती असून दुसरें माणूस एकत्र राहावयास राजी असेल, तर त्यास सोडूं नये, असें संत पौलानें करिंथकरांस कळविलें आहे. टिळक या उपदेशास जागले. लक्ष्मीबाई परतल्या त्या हिंदु म्हणूनच. त्यांचा आचार टिळकांनीं त्यांस मोडावयास लावला नाहीं. जातिभेद देवानें केलेला नाहीं, हें त्यांस स्वतःच्या विचारानें पटलें, तेव्हांच, १९०० सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

पुढें १९१९ मध्यें टिळक निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. केवळ पतीच्या आज्ञेनें धर्म बदललेल्या पत्नीच्या हातून हें कार्य घडलें असतें, असें मला वाटत नाहीं.

म्हणून ज्यास हांक आली त्यानें खुशाल जावें. पण आपली घाई घरच्यांवर लादूं नये. श्रद्धा कोणास वांटून देतां येत नाहीं. दार तेवढें उघडें ठेवतां येतें.