हात लावण्याआधी



मालिशीवरची परिषद कोल्हापुरात भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान याच शहरात आहे. गंगावेस, मोतीबाग अशा तालमींत जोर-बैठका आणि लढती झाल्या की पोरं एकमेकांचं अंग रगडतात. त्यामुळे मालिशीची थोरवी कोल्हापूरकराला वेगळी सांगावी लागत नाही. पण तालमीतलं रगडणं विशीतल्या कसलेल्या अंगासाठी असतं. त्याच जोराने सत्तरीतल्या आजींची पाठ रगडली, तर ठिसूळ झालेला मणका मोडू शकतो. हा फरक ज्याला कळतो तो जाणकार, असं मी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून मानतो.

माझे रुग्ण मी निर्धास्तपणे ज्यांच्याकडे पाठवतो, त्या एक ताई आज सभागृहात आहेत. त्यांचं काम मी पाहिलेलं आहे. आलेल्या माणसाला त्या आधी खुर्चीवर बसवतात. अलीकडे ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, साखर आहे का, पायाला स्पर्श नीट कळतो का, बाई असेल तर दिवस गेलेत का, हे सगळं विचारून घेतात. मग दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहतात, हाताची मागची बाजू लावून ऊब तपासतात. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी लागली, तर तेलाची बाटली उघडतच नाहीत. त्या रुग्णाला चिठ्ठी देऊन तातडीने डॉक्टरांकडे पाठवतात.

कारण तशा पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. घोटा मोडल्यावर प्लास्टर काढलेल्या दिल्लीच्या एका तरुणाच्या पायाला आईने मायेने मालिश केली आणि तो असाच दगावला. वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आहे. त्या माउलीला कुणी दोष देऊ नये. तिला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

केस कापून झाल्यावर सलूनमध्ये ‘कट्कन’ मान मोडून घेतात, तेही थांबलं पाहिजे. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. बाळाच्या मालिशीत नाकात-कानात तेल सोडण्याची रीत अजून घराघरांत आहे. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आपण मालिशवाल्या मावशींना बोलावून हे मानाने शिकवलं पाहिजे. त्यांच्या हातात पिढ्यांचं कौशल्य आहे.

मालिशीने कंबरदुखीला काही काळ उतार पडतो, ताण हलका होतो, झोप लागते. एवढं खरं आहे आणि एवढं पुष्कळ आहे. चरबी वितळते, शरीरातलं ‘विष’ निघून जातं, असे फलक आपल्यापैकी कुणी लावू नयेत.

या व्यवसायाकडे संशयाने पाहिलं जातं, ते दुःख आपल्या भगिनी रोज सोसतात. 1894 मध्ये लंडनमध्येही हेच होतं. मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा बोभाटा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्तींची संस्था काढली, परीक्षा घेतल्या, वर्तनाचे नियम घातले. 1920 मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली. ब्रिटनमधली आजची फिजिओथेरपिस्टांची संस्था ती हीच. त्यांची पत वाढली ती परीक्षा आणि नियम यांच्या बळावर, आणि आपल्यालाही तीच वाट धरावी लागेल.

आपल्याकडे फिजिओथेरपिस्टाची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, वैद्यांचीही त्यांच्या परिषदेकडे असते. नुसती मालिश करणाऱ्यांसाठी मात्र तशी परिषद नाही. स्पा थेरपिस्टचा कौशल्य अभ्यासक्रम आहे, पण तो केलाच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे निवडीचा सगळा भार रुग्णावर पडतो. त्याने विचारावं: कुठे शिकलात, किती महिने, नोंदणी असेल तर क्रमांक काय, माझ्या आजारात काय टाळाल? अंगावर चादर असेल ना, दुखलं तर लगेच थांबाल ना, हेही विचारावं. या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्याकडून उठून यावं.

हे प्रश्न सोप्या मराठीत एका पानावर मांडून तो कच्चा मसुदा आम्ही तुमच्या पिशवीत ठेवला आहे. दुपारच्या सत्रात तो पक्का करायचा आहे, म्हणजे तो प्रत्येक केंद्राच्या दारात लावता येईल. मालिशवाल्या मावशींसाठी पहिल्या दोन रांगा राखल्या आहेत. मसुद्यातलं काय खटकतं, ते आधी त्यांनी सांगावं.